श्रावणात गळणारी सुपारी वैशाखातच चुकलेली असते: कुळागरात या चुका टाळा

एका वर्षी चवथीला गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या माटोळीला बांधायला आमच्याच कुळागरात पोफळीचा, म्हणजे सुपारीच्या झाडाचा, निरोगी घोस मिळेना. बाबांनी शेजारच्या घरून मागून आणला. औषध मारलं नव्हतं असं नाही. मारलं होतं, पण पाडेली (झाडावर चढून काम करणारा) वेळेवर मिळाला नाही म्हणून जूनच्या अखेरीस, पाऊस धरल्यावर. तेव्हापासून आमच्या घरात पाडेल्याला निरोप होळीच्या सुमारास जातो.

गोव्यातली फोंडा, सत्तरी, सांगेकडची आपली कुळागरं म्हणजे पोफळीखाली केळ, पोफळीवर मिरी, कडेला माड, मध्ये जायफळ, बांधावर भिरंड (कोकम). अशा मिश्र बागेत रोग दिसतो एका ऋतूत आणि चूक झालेली असते आधीच्या ऋतूत. म्हणून झाडाकडे बघताना आज काय दिसतंय यासोबत दोन महिन्यांपूर्वी काय राहिलं होतं, हेही आठवा.

कोळेरोग

आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कोळेरोग आणणाऱ्या फायटोप्थोरा या रोगकारकाला याहून चांगली हवा कुठे मिळणार? हिरव्या सुपारीवर टोपीजवळ पाणी मुरल्यासारखा गडद डाग येतो, चकाकी जाते, मग बुंध्याशी फळांचा सडा पडतो आणि त्यावर पांढरी बुरशी चढते. बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद-चुन्याचं औषध, हा डाग पुसत नाही. ते फक्त न लागलेल्या फळाला राखतं. म्हणून पहिली फवारणी मिरगाआधी, घोस कोरडे असताना, आणि दुसरी ४० ते ४५ दिवसांनी, उघडीप साधून.

फवारणी वेळेवर होऊनही रोग येतो तेव्हा बहुधा मिश्रणच बिघडलेलं असतं. १ टक्क्याच्या मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो चांगला चुना आणि १०० लिटर पाणी लागतं. मोरचूद ५० लिटरमध्ये आणि चुना ५० लिटरमध्ये वेगवेगळा विरघळवा. मग मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्याच्या पाण्यात ओता आणि काठीने ढवळत राहा. उलटं ओतू नका. पिंप प्लास्टिकचं असावं, लोखंडाचं नको. कोयत्याचं घासलेलं पातं थोडा वेळ त्यात बुडवून बघा: तांबूस थर धरला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. ही परीक्षा न करता फवारलं तर कोवळी फळं पोळतात आणि ते रोगाच्या नावावर जमा होतं. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरण्याची काटकसर फुकट जाते, कारण त्याची चिकटून राहण्याची शक्ती गेलेली असते.

गळलेली फळं झाडाखाली ठेवू नका. शेंड्यात अडकून सुकलेले जुने घोससुद्धा पाडेल्याकडून काढून घ्या, पुढच्या वर्षीची लागण तिथूनच होते. मात्र एप्रिल-मेमध्ये बारीक फळ गळत असेल तर तो कोळेरोग नव्हे. तेव्हा पाण्याची ओढ किंवा कीड तपासा, बोर्डोचा तिथे उपयोग नाही.

पाट

झरीचं पाणी पाटाने फिरवायची आपली पद्धत फार शहाणी आहे, पण पाटाचं काम ऋतूप्रमाणे उलटतं हे आपण विसरतो. नोव्हेंबर ते मे तो पाणी आणतो, पावसाळ्यात त्यानेच पाणी बाहेर न्यायचं असतं. मे महिन्यात वरच्या अंगाचं तोंड बंद करून खालचं मोकळं केलं नाही, गाळ आणि झावळ्या उपसल्या नाहीत, की जुलैत मुळांशी पाणी तुंबतं. पोफळ काही काळ तग धरते. मिरी धरत नाही.

भर पावसात मिरीच्या पानांवर काळे ओलसर डाग दिसले आणि बघता बघता वेल झडून मेली, तर ती मर याच फायटोप्थोराच्या कुळातली. पाऊस सरल्यावर वेल हळूहळू पिवळी पडत असेल, तर मुळांवरच्या सूत्रकृमींचा संशय घ्या. दोन्हींना एकच औषध ओतण्यात पैसे जातात. वेलीच्या बुडाशी पावसात कुदळ लावू नका, जखमी मुळातून रोग शिरतो. जमिनीवर लोळणारे फुटवे पावसाआधी कापा किंवा वर बांधा. आणि शेणखतातून ट्रायकोडर्मा घालायचा असेल तर बोर्डोच्या ओतणीबरोबर घालू नका. मोरचुदातल्या तांब्यामुळे ती उपकारक बुरशीही मरते.

माडाचं पान कात्रीने कापल्यासारखं

माडाची नवी झावळी उघडते आणि तिच्यावर त्रिकोणी काप दिसतात. ही गेंड्या भुंग्याची खूण. लोक माडावर औषध शोधतात, भुंगा मात्र आपल्याच गायरीत वाढत असतो. शेणखताचा खड्डा उन्हाळ्यात वरखाली करा, जाड पांढऱ्या अळ्या वेचा, कोंबड्यांना मोकळं सोडा. कुजलेला माडाचा खोड बागेत पडू देऊ नका. शेंड्यात शिरलेला भुंगा तारेच्या आकड्याने काढावा आणि कोवळ्या झावळ्यांच्या बेचक्यांत वाळूत मिसळलेली कडुलिंबाची पेंड भरावी.

केळीबद्दल एवढंच: आखूड, उभ्या, झुपक्यासारख्या पानांचं झाड दिसलं तर ते गड्ड्यासकट काढून नष्ट करा, त्याचा मुनवा (बुंध्याशी फुटलेलं पिल्लू) कुणाला देऊ नका. हा पर्णगुच्छ रोग बरा होत नाही. मावा ही कीड तो पसरवते.

जायफळात आमची चूक घाईची होती. बियांपासून केलेली रोपं लावली, सात-आठ वर्षं वाढवली आणि निम्म्याच्या आसपास नर निघाली. मादी झाडाचं कलम घ्या, नर बागेत मोजकेच पुरतात. फळ फुटल्यावर उचलायचं, न फुटलेलं ओढायचं नाही. जायपत्री लगेच सोलून वेगळी सुकवावी. फळं पावसातच उतरतात, अंगणातल्या उन्हाचा भरवसा नाही, म्हणून आई ती चुलीवरच्या माळ्यावर सुपात पसरते. धूर थेट लागेल इतकी खाली नाही, ऊब पोचणार नाही इतकी वरही नाही.

सुपारी सुकायला अंगणात ३५ ते ४० दिवस लागतात आणि त्यात अवकाळी पावसाची एक सर पुरते. ताडपत्री खळ्याच्या कडेलाच ठेवा, आठवड्यातून एकदा तरी फळं उलटा. जमिनीकडची बाजू ओली राहिली की आतून काळी पडते, आणि ते फोडल्याशिवाय कळत नाही.