काकी, मार्च गेला!

हळदीचा हंगाम फेब्रुवारीत तापतो आणि मेपर्यंत काही खरं नसतं. सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानात मी पट्ट्या करते, म्हणजे शेतकऱ्याचा माल किती गेला आणि त्याला पैसे किती, याचा हिशेबाचा कागद. सौदे उरकले की काउंटरवर शेतकरी उभे, "काकी, पट्टी द्या, एसटी चुकंल." त्या गडबडीत फाईल सापडत नाही म्हणायची सोय नाही.

परवा नवीन पोरगं ओरडलं, "काकी, मार्च गेला!" माऊसनं ओढताना बोट सुटलं होतं आणि मार्च महिन्याचं अख्खं फोल्डर शेजारच्या 'हमाली' फोल्डरात जाऊन पडलं होतं. अशा वेळी शोधाशोध करू नका, आणखी चार ठिकाणी क्लिक तर मुळीच नको. फोल्डरच्या खिडकीतच मोकळ्या जागी एकदा क्लिक करा आणि कंट्रोल-झेड दाबा. शेवटची हलवाहलव उलटी होते, मार्च जागेवर. खिडकीत आधी क्लिक करायचं कारण असं की, तुम्ही एक्सेलमध्ये असाल तर कंट्रोल-झेड एक्सेलमधलंच काहीतरी पुसेल, आणि मग दोन दुखणी होतील.

त्याच दिवशी त्याला शेजारी बसवून घेतलं.

आधी आपण उभं कुठं आहोत ते बघायचं. विंडोजचं बटण आणि ई दाबलं की फाईल एक्सप्लोरर उघडतो. वरच्या पट्टीत पत्ता असतो: डी ड्राईव्ह, त्यात पट्ट्या, त्यात वर्ष, त्यात महिना. आल्ट आणि वरचा बाण दाबला की एक पायरी वर, म्हणजे महिन्यातून वर्षात. आल्ट आणि डावा बाण मात्र तुम्ही जिथून आलात तिथं नेतो, मग ते कुठंही असो. या दोन्हींत आमचं पोरगं दोन दिवस घोटाळत होतं.

महिन्यांना नुसती नावं देऊ नका. अक्षरांप्रमाणे लावलं की ऑक्टोबर ऑगस्टच्या आधी येऊन बसतो. आमचं हिशेबाचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, म्हणून ०१-एप्रिल, ०२-मे, असं करत १२-मार्च. आकडे इंग्रजी कीबोर्डवरचेच घ्या. मग यादी उघडी असताना पटकन एक-दोन टाईप केलं की निवड थेट मार्चवर उडी मारते, एंटर दाबा की आत. नुसतं मराठी नाव असेल तर उडी मारायला आधी कीबोर्ड मराठी करावा लागतो, तेवढ्यात एसटी गेलीच. पट्टीच्या फाईलला तारीख द्यायची ती वर्ष-महिना-दिवस अशी, २०२५-०३-१२. मधे तिरकी रेघ विंडोज घेतच नाही, आडवी द्या. नाव बदलायला एफ-२.

आता हलवणं. एकाच ड्राईव्हमध्ये ओढलं तर फाईल हलते. डी ड्राईव्हवरून पेनड्राईव्हवर ओढलं तर मात्र कॉपी होते, मूळ जागेवरच राहते. लोक इथंच फसतात. आतली गोष्ट साधी आहे. एकाच वखारीत पोतं या खात्यातून त्या खात्यात गेलं, तर पोतं कोण उचलतंय? वहीतलं नाव बदलतं, झालं. म्हणून डीमधल्या डीमध्ये चारशे पट्ट्या डोळ्यांची पापणी लवायच्या आत जातात. दुसऱ्या ड्राईव्हवर न्यायचं म्हणजे टेम्पो भरायचा, प्रत्येक पोतं उचलायचं. तिथं वेळ लागतो, तिथंच मधे वायर हलली तर नुकसान होतं. ओढताना शिफ्ट धरलं तर हलवणं, कंट्रोल धरलं तर कॉपी. मला तेही लक्षात राहत नाही, म्हणून मी उजव्या बटणानं ओढते. सोडलं की संगणकच विचारतो, हलवू की कॉपी करू?

खरं सांगायचं तर मी ओढतच नाही फारशी. कंट्रोल-एक्स, जिथं न्यायचंय तिथं जाऊन कंट्रोल-व्ही. एक्स दाबल्यावर फाईल फिकट होते, नाहीशी होत नाही. व्ही दाबेपर्यंत ती जागेवरच असते. मधेच कुणी हाक मारली आणि राहून गेलं, तरी काही बिघडत नाही.

पुष्कळ फायली एकदम घ्यायच्या तर पहिलीवर क्लिक, शेवटचीवर शिफ्ट धरून क्लिक. सुट्या सुट्या हव्या असतील तर कंट्रोल धरून एकेक. इथं हात स्थिर ठेवा. कंट्रोल धरलेला असताना माऊस जरा सरकला की सगळ्यांची दुसरी प्रत तिथंच तयार होते, आणि महिनाअखेरीला एकाच शेतकऱ्याच्या दोन पट्ट्या बघून शेठ भडकतात.

सीएंकडे वर्षाचं काम द्यायचं असेल तेव्हा दोन खिडक्या उघडा. एकीवर विंडोज-डावा बाण, दुसरीवर विंडोज-उजवा बाण. डावीकडे आपलं वर्ष, उजवीकडे पेनड्राईव्ह, समोरासमोर. आणि पेनड्राईव्हवर कॉपीच करा, कट नाही. हे मी अनुभवानं सांगते. जागा कमी पडत होती म्हणून मी एक जुनं वर्ष कट करून पेनड्राईव्हवर टाकलं आणि तो गावभागातल्या आमच्या घरी कपाटात ठेवला. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाशी ५७ फुटांवर गेलं. कपाटासकट सगळं पाण्यात. पेनड्राईव्ह वाळवून बघितला, उघडला नाही. कार्बन कॉप्यांवरून ते वर्ष मी परत टाईप केलं, दिवाळीपर्यंत चाललं होतं. शेठ काही रागावले नाहीत, एवढंच म्हणाले की हरिपूरच्या पेवांत, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांत, पाणी शिरलं तेव्हा हळदीचंही असंच झालं होतं.

तेव्हापासून क्रम असा: कॉपी करायची, पेनड्राईव्हवरच्या दोन-तीन फायली उघडून बघायच्या, आणि मूळ पुसायचंच असेल तर त्यानंतर. पेनड्राईव्हवरून पुसलेलं सहसा रिसायकल बिनमध्ये येत नाही, थेट जातं. आणि काढताना आधी खाली उजव्या कोपऱ्यातून इजेक्ट, मगच ओढायचा. पोरगं अजून तसाच उपटतं.