हेडलाइटचा बल्ब सारखा उडतोय आणि दाराला हात लावला की शॉक बसतोय? या चुका टाळा

बल्ब बदलून दोन महिने होत नाहीत तोच पुन्हा उडतो, आणि त्याच सुमारास गाडीतून उतरताना दाराला हात लावला की सटकन झटका बसू लागतो. दोन्ही एकदम सुरू झालं की 'गाडीत कुठेतरी करंट उतरतोय' असं ठरवून लोक मोकळे होतात. मग बॅटरी बदलतात, अर्थिंगच्या जादा वायरी मारतात, पैसे जातात आणि त्रास तसाच राहतो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. १२ व्होल्टच्या बॅटरीचा कोरड्या हाताला शॉक जाणवत नाही. दाराशी बसतो तो स्थिर विजेचा झटका, आणि बल्ब त्याने उडत नाही. दोन्हींची तपासणी वेगवेगळी करा.

उडालेला बल्ब लगेच फेकू नका, उजेडात धरून नीट बघा. काच आतून काळी पडली असेल तर व्होल्टेज जास्त येत असेल किंवा बल्बचं आयुष्य संपलं असेल. आत पांढरट-पिवळट भुकटी दिसली तर काचेला बारीक तडा जाऊन हवा शिरली आहे. काच स्वच्छ पण फिलामेंट तुटलेली असेल तर संशय हादऱ्यांवर घ्या: बल्ब दाबून धरणारी स्प्रिंग क्लिप नीट बसली आहे का ते पाहा. दोन्ही बाजूंचे बल्ब जात असतील तर चार्जिंग तपासा. एकाच बाजूचा जात असेल तर त्या बाजूचा होल्डर, कपलर (बल्बच्या पिनांवर बसणारा वायरींचा प्लग) आणि अर्थची वायर पाहा. कपलरचं प्लास्टिक करपलं असेल तर तो बदलाच. सैल पिनांमध्ये नवा बल्ब खोचून उपयोग नाही.

चार्जिंग मोजायला साधा मल्टीमीटर पुरतो. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू करून थोडा रेस दिला की १३.८ ते १४.५ च्या आसपास यायला हवं. नव्या गाड्यांत ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) हा आकडा कमी-जास्त करतो, पण सतत १५ च्या वर जात असेल तर ऑल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणारा, ज्याला बोलताना डायनॅमो म्हणतात) व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर तपासून घ्या. हॅलोजन बल्बला व्होल्टेज फार झोंबतं: पाच टक्के जादा मिळालं तरी त्याचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. दर वेळी नवा बल्ब घेण्याआधी हे एक माप घेतलं तर बरेच पैसे वाचतील.

डायनॅमो चालतोय का ते बघायला चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढायची जुनी पद्धत अजून दिसते. ती कुणालाही करू देऊ नका. बॅटरी सुटली की व्होल्टेज एकदम उसळतं, त्यात बल्ब तर जाऊ शकतोच, ईसीयूही जाऊ शकतो. टर्मिनल सैल असेल तरी हाच धोका आहे.

बऱ्याच गाड्यांच्या हेडलाइटमधला एच४ बल्ब ६०/५५ वॅटचा (अपर/डिपर) असतो. उजेड वाढावा म्हणून त्या जागी १००/९० चा बसवला की मूळ वायरिंगवर भार पडतो, होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर करपतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. उजेड कमी वाटत असेल तर आधी बल्बच्या पिनांवर प्रत्यक्ष किती व्होल्ट पोचतात ते मोजा. गंजलेल्या अर्थमुळे एखादा व्होल्ट वाटेतच पडला असेल, तर तो दुरुस्त केल्यावर जुनाच बल्ब चांगला लख्ख लागतो.

बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटांचं तेल लागलेली जागा जास्त तापते आणि काच तिथेच खराब होते. लागलंच तर स्पिरिटने पुसा. हेडलाइटच्या मागचं रबरी झाकण (बूट) बल्ब बदलताना बाजूला राहतं, ते परत बसवायला विसरू नका. कोकणातल्या पावसात तापलेल्या काचेवर पाणी पडलं तर ती तडकू शकते.

आता शॉक. सीटच्या कापडावर कपडे घासून अंगावर हजारो व्होल्टचा भार साचतो. ऊर्जा अगदी थोडी, म्हणून इजा होत नाही. मुंबईच्या दमट हवेत तो बऱ्याचदा आपोआप निघून जातो, नागपूर-अकोल्याच्या कोरड्या थंडीत मात्र साचून राहतो. बंपरखाली लोंबणारी रबरी पट्टी लावून फारसा फरक पडत नाही, कारण भार तुमच्या अंगावर असतो. सीटवरून उठण्याआधीच दाराच्या धातूच्या चौकटीला हात धरा आणि पाय जमिनीला लागेपर्यंत सोडू नका. सिंथेटिक सीट कव्हरऐवजी सुती घातलं तरी पुष्कळ आराम पडतो.

मात्र पेट्रोल कारचं बॉनेट उघडून चालू इंजिनजवळ हात गेल्यावर जोराचा झटका बसला, तर ती स्थिर वीज समजू नका. प्लगच्या वायरीतून किंवा कॉइलमधून हाय टेन्शन (ठिणगी पाडणारी हजारो व्होल्टची वीज) लीक होत असेल. इंजिन बंद करून वायरमनला दाखवा. एचआयडी (झेनॉन) दिव्यांच्या बॅलस्टमध्ये, म्हणजे त्यांना वीज पुरवणाऱ्या डब्यात, चालू होताना २० हजार व्होल्टच्या वर तयार होतात, तिथे घरी हात घालूच नका.

पेट्रोल पंपावर स्वतः नोझल धरणार असाल तर आधी टाकीच्या तोंडापासून लांब, गाडीच्या उघड्या धातूला हात लावा, आणि भरणं पूर्ण होईपर्यंत परत सीटवर जाऊन बसू नका.