कोलवाळच्या तुरुंगातील आपल्या माणसाशी संपर्क कसा ठेवावा

घरातील माणसाला अटक झाली की पहिल्या दिवशी सगळे नातेवाईक धावतात, दुसऱ्या आठवड्यात फोन कमी होतात आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत वकिलाकडे जाणारा एकटाच उरतो. आत असलेल्याला मात्र पहिल्या दिवसापेक्षा त्या तिसऱ्या महिन्यातच कोणीतरी हवे असते. माझा धाकटा भाऊ चौदा महिने कच्चा कैदी, म्हणजे शिक्षा न झालेला, खटला चालू असलेला कैदी म्हणून गोव्यातील कोलवाळच्या तुरुंगात होता. त्याच्यावरील आरोपांविषयी येथे काही लिहायचे नाही. त्या काळात जे शिकावे लागले, त्यातले इतरांच्या उपयोगी पडेल तेवढेच सांगतो.

सर्वांत आधी माणूस नेमका कोठे आहे हे समजून घ्यावे. अटक झाल्यापासून चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, त्याला न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 48 नुसार अटकेची आणि ठेवलेल्या जागेची माहिती त्याच्या नातेवाईकाला किंवा तो सांगेल त्या व्यक्तीला देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. न्यायालयाने पोलीस कोठडी दिली तर तो पोलिसांच्या लॉकअपमध्येच राहतो. ही कोठडी एकूण पंधरा दिवसांहून अधिक देता येत नाही, मात्र नव्या संहितेत हे दिवस सुरुवातीच्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येतात. न्यायालयीन कोठडी मिळाल्यावर त्याची रवानगी कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहात होते. 2015 साली आग्वाद किल्ल्यावरचा जुना तुरुंग बंद होऊन तेथील कैदी कोलवाळला हलवण्यात आले, तरी गावाकडची वयस्क मंडळी अजून ‘आग्वादला नेला’ असेच म्हणतात, आणि आमच्या एका मावशीने तर तेथे जाऊन चौकशीही केली होती. आग्वादला आता स्मारक आणि पर्यटक आहेत.

वकिलासाठी पैसे नाहीत म्हणून थांबू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीस पात्र आहे. त्यासाठी 15100 या क्रमांकावर फोन करावा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज द्यावा. नेमलेल्या वकिलाचे नाव, फोन क्रमांक आणि पुढील तारीख एका वहीत लिहून ठेवावी. ही वही पुढे फार कामाची ठरते, कारण चार महिन्यांनी कोणत्या तारखेला काय झाले हे कोणालाच नीट आठवत नाही. खटल्याचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळाला की न्यायालयांच्या ई-कोर्ट्स ॲपवर पुढची तारीख घरबसल्या पाहता येते.

भेटीची नोंदणी राष्ट्रीय तुरुंग पोर्टलवरील ई-मुलाकात या सोयीतून करता येते. तेथे भेटायला जाणाऱ्याची माहिती व ओळखपत्र आणि कैद्याचे व त्याच्या वडिलांचे नाव द्यावे लागते. येथे गोव्यातील माणसाची खास अडचण उभी राहते. आजोबांच्या पोर्तुगीज दाखल्यावर आडनावाचे रोमन स्पेलिंग एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि आधार कार्डावर तिसरे, असे आपल्याकडे घरोघरी आढळते. कामत, प्रभू, गावकर या आडनावांची किती रूपे होतात हे वेगळे सांगायला नको. अटकेच्या कागदावर जे स्पेलिंग गेले, तेच तुरुंगाच्या नोंदीत जाते. त्यामुळे अर्ज भरताना आपल्या घरातील कागदांकडे न पाहता वकिलाकडील रिमांडच्या, म्हणजे कोठडीच्या आदेशाच्या प्रतीवर पाहावे. आमचे पहिले दोन अर्ज केवळ एका अक्षरामुळे परत आले आणि तोवर भाऊ समजत राहिला की कोणाला यायचेच नाही.

भेटीचे वार, वेळ आणि एका वेळी किती जण चालतात हे निघण्यापूर्वी कारागृहात फोन करून विचारावे, कारण ते बदलत असते. मूळ ओळखपत्र सोबत ठेवावे, केवळ मोबाइलमधील फोटोवर विसंबू नये. मोबाइल तर बाहेरच ठेवावा लागतो. काणकोण किंवा सांगेकडून येणाऱ्याचा पूर्ण दिवस यात जातो, हे गृहीत धरूनच कामावरून रजा घ्यावी. म्हापशाहून पेडण्याच्या दिशेने जाणारी बस कोलवाळला सोडते, परंतु शुक्रवारी म्हापशाच्या बाजारामुळे बसस्थानकावर पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे त्या दिवशी तासभर आधी निघणे शहाणपणाचे आहे.

भेटीत काय बोलावे याचा विचार आधीच करावा, कारण वेळ थोडा असतो आणि जाळीपलीकडचा चेहरा पाहून सुचायचे थांबते. खटल्याविषयी बोलू नये. भेटीवर देखरेख असते, आणि साक्षीदार, पुरावा किंवा कोणी काय जबाब दिला यांविषयीचे बोलणे वकिलामार्फतच व्हावे. ‘काळजी करू नको, पुढच्या तारखेला सुटशील’ असे आश्वासन तर कधीच देऊ नये. तारीख पुढे गेली की आत राहणाऱ्याला तो आठवडा काढणे कठीण जाते आणि मग तो आपल्या खऱ्या बोलण्यावरही विश्वास ठेवत नाही. त्यापेक्षा घरातील लहानसहान गोष्टी सांगाव्यात. परसातील कोणत्या माडाला यंदा बोंडे धरली नाहीत, शेजारच्या मुलाला कोठे नोकरी लागली, आईच्या गुडघ्याला कोणते तेल लावले, अशा बातम्या त्याला घराशी जोडून ठेवतात.

याच कारणासाठी पत्राचे महत्त्व भेटीहून कमी नाही. पत्र तुरुंगात उघडून वाचले जाते हे ध्यानात ठेवून लिहावे, प्रत्येक पत्रावर तारीख आणि अनुक्रमांक घालावा, म्हणजे मधले एखादे पोचले नाही तर कळते. पंधरा दिवसांनी एक लहान पत्र हे सहा महिन्यांनी आलेल्या आठ पानांपेक्षा बरे. चतुर्थीला भाऊ नव्हता तेव्हा माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळे टांगायची चौकट, मी बांधली, आणि कोणते फळ कोठे टांगले, रानातली कांगले कोणी आणली, नारळाचा घड बांधताना दोरी कशी सुटली, हे सगळे त्याला लिहून कळवले. ते पत्र त्याने बाहेर येताना सोबत आणले होते.

वस्तूंच्या बाबतीत अतिशय सावध राहावे. कच्च्या कैद्याला स्वतःचे कपडे वापरता येतात, शिक्षा झालेल्याला तुरुंगाचा गणवेश असतो. कोणते कपडे, किती, आणि खाण्याचे काही चालते का, हे विचारूनच न्यावे. पैसे हातात न देता कारागृह सांगेल त्या मार्गाने त्याच्या खात्यात जमा करावेत. तेथील कॅन्टीनमधून तो साबण किंवा खाऊ घेऊ शकतो. भेटीच्या रांगेत ओळख झालेल्या माणसाने ‘ही एवढी पिशवी तुमच्याबरोबर आत द्या’ असे म्हटले तर स्पष्ट नकार द्यावा, मग तो कितीही गयावया करो. मनाई असलेली वस्तू आत पोचवणे हा गुन्हा आहे आणि पिशवीत काय होते हे ठाऊक नव्हते, असे नंतर सांगून सुटता येईलच असे नाही.

आजारी माणसाचे औषध न विचारता पाठवू नये. डॉक्टरांची चिठ्ठी आणि जुने अहवाल यांच्या प्रती तुरुंगातील डॉक्टरांसाठी द्याव्यात आणि दिल्याची पोच घ्यावी. दुर्लक्ष होत असल्यास वकिलामार्फत न्यायालयात अर्ज करून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात तपासणीचा आदेश मागता येतो; पोच असलेला कागद तेव्हा उपयोगी पडतो. भेटीत त्याचे वजन, झोप आणि बोलण्याची पद्धत यांकडे लक्ष ठेवावे. तो अचानक गप्प झाला, भेटीला नको म्हणू लागला किंवा निरवानिरवीचे बोलू लागला, तर त्याच दिवशी अधीक्षकांना लेखी कळवावे.

जामिनाविषयी वकिलाला काही गोष्टी आवर्जून विचाराव्यात. पोलिसांनी मुदतीत आरोपपत्र दाखल केले नाही तर जामीन मागण्याचा हक्क मिळतो. ही मुदत मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत नव्वद दिवस आणि इतर गुन्ह्यांत साठ दिवस आहे, परंतु अमली पदार्थ व्यापारी, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या मोठ्या प्रमाणात सापडल्याच्या प्रकरणात ती एकशे ऐंशी दिवस आहे. अर्ज आरोपपत्र येण्याआधी करावा लागतो, म्हणून हे दिवस वहीत मोजत राहावेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार मृत्युदंड किंवा जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात कमाल शिक्षेचा अर्धा काळ, आणि पूर्वी कधी शिक्षा न झालेल्याने एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल तर सुटकेचा विचार व्हावा लागतो. एकाहून अधिक खटले चालू असल्यास मात्र हा लाभ मिळत नाही.

जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस घरी आला असे नव्हे. जामीनदार आणि त्याची कागदपत्रे आधीच तयार ठेवावीत, कारण ऐनवेळी सख्खे चुलतेही घराचे कागद द्यायला कचरतात, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या निर्देशांप्रमाणे मंजुरीनंतर सात दिवसांत सुटका न झाल्यास अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे असते, आणि महिनाभरात हमीपत्र देता आले नाही तर न्यायालय अटी सैल करण्याचा विचार करू शकते. गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी केंद्राच्या योजनेतून आर्थिक साहाय्य मिळू शकते. त्याचीही चौकशी प्राधिकरणाकडेच करावी.

सुटकेच्या दिवशी न्यायालयातील कागद पुरे होऊन ते कारागृहात पोचेपर्यंत बहुधा संध्याकाळ होते. तेव्हा शेवटच्या बसवर विसंबून न राहता वाहनाची सोय करून दुपारीच फाटकाबाहेर जाऊन बसावे, सोबत पाण्याची बाटली, पावसाळा असल्यास छत्री आणि त्याच्या चपला न्याव्यात.