कल्याणमित्र निवडायचाय? पान पसंदसारखा निवडू नका

मूळची मालेगावजवळच्या रावळगावची पान पसंद गोळी तोंडात टाकली की लगेच कळतं आवडली की नाही. धम्माचा मार्ग दाखवणारा माणूस, म्हणजे कल्याणमित्र, असा लगेच कळत नाही आणि बरेच जण इथेच फसतात, एक प्रवचन गोड लागलं की झाले आपले गुरू फिक्स. बुद्धांचा शिष्य आनंद एकदा त्यांना म्हणाला की कल्याणमित्र मिळणं म्हणजे अर्धं ब्रह्मचर्य, म्हणजे अर्धं धम्मजीवन, तर बुद्ध म्हणाले, असं म्हणू नकोस आनंद, ते सगळंच आहे. मग एवढ्या मोठ्या गोष्टीत घाई कशाला?

आधी नुसतं बघत राहा. वीमंसक सुत्तात, म्हणजे या नावाच्या उपदेशात, बुद्ध सांगतात की खुद्द तथागताला, म्हणजे बुद्धांनासुद्धा तपासा, जे दिसतं आणि जे ऐकू येतं त्यात कुठे खोट आहे का बघा. वर्षावासात, आषाढी ते आश्विन पौर्णिमा, बऱ्याच विहारांत ग्रंथवाचन असतं, तिथे जाऊन बसा. वाचन संपल्यावर ती व्यक्ती सतरंज्या उचलायला थांबते का, लहान पोरानं मधेच प्रश्न विचारला तर चिडते का, आणि उत्तर येत नसेल तर सरळ "माहीत नाही" म्हणते का, हे बघा. मला विचाराल तर यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

मग बघा की तुम्हाला टोकतं कोण. सिगालोवाद सुत्तातला खोटा मित्र तोंडावर स्तुती करतो, मागे निंदा करतो आणि वाईट कामालाही हो म्हणतो. गोड गोड, अगदी गोळीसारखा, आणि विरघळला की हातात नुसता कागद. खरा मित्र वाईटापासून अडवतो.

आता तुम्ही म्हणाल पुस्तकं आहेत, यूट्यूब आहे, माणूस कशाला हवा. मेघिय नावाच्या भिक्खूलाही असंच वाटलं होतं. किमिकाला नदीकाठची आंबराई त्याला इतकी आवडली की तिथेच ध्यान करायचं म्हणून बसला हट्ट धरून, बुद्ध म्हणाले दुसरा भिक्खू येईपर्यंत थांब, पण यानं तीनदा विचारलं आणि गेला. तिथे बसल्यावर वासना, द्वेष, हिंसा हेच विचार डोक्यात! परत आला तेव्हा बुद्धांनी मन पिकण्यासाठी पाच गोष्टी सांगितल्या, पहिलीच कल्याणमित्र. एवढा अभ्यास असूनही बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात त्रिशरण-पंचशील भिक्खू चंद्रमणींकडूनच घेतलं ना.

माणूस सापडला की पाया पडून मोकळं व्हायचं नाही. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, नव्या भिक्खूला निदान 5 वर्षं आचार्यांच्या आधारानं राहायला सांगितलंय, शिष्यानं त्यांना तोंड धुवायला पाणी द्यायचं, पात्र धुवायचं, पण शिष्य आजारी पडला तर आचार्यांनीही त्याची सेवा करायची, आणि आचार्यांचं मन धम्मातून उडायला लागलं तर शिष्यानं त्यांना सावरायचं. म्हणून प्रश्न विचारा, पटलं नाही तर आदर ठेवून तसं बोला. त्यावर ती व्यक्ती तुम्हाला गप्प बसवत असेल तर खुशाल दुसरीकडे बघा.

आणि कोणीच नाही मिळालं तर? धम्मपदाची 61वी गाथा सांगते, आपल्यापेक्षा चांगला किंवा निदान आपल्यासारखा सोबती नसेल तर एकट्यानं खंबीरपणे चाला, मूर्खाची संगत नको. फक्त विहारात जाणं सोडू नका, शोध चालू राहू द्या.