पायथॉनमधली तयार फंक्शन्स, हळदीच्या पोत्यांवर शिकूया

सांगलीत हळदीचे सौदे सुरू झाले की मार्केट यार्डात पोत्यांची वजनं वहीत उतरतात, भाच्याला पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा मी त्याच आकड्यांवर शिकवली. बेरीज करायची म्हणून त्याने लगेच फॉर लूप (एकेक आकडा घेऊन तेच काम परत परत करणारा कोड) लिहायला घेतला, म्हटलं थांब, हे काम पायथॉनने आधीच करून ठेवलंय, तयार फंक्शनचं नाव लिहून कंसात माहिती दिली की झालं.

चौकोनी कंसात ५२, ४९, ५१, ५०, ४८ अशी लिस्ट करा, मधे स्वल्पविराम, आणि तिला वजन असं नाव द्या. (कोडमधे आकडे आणि फंक्शनची नावं इंग्रजीतच, नावं स्मॉल लेटरमधे.) आता सम (sum, म्हणजे बेरीज) लिहून गोल कंसात लिस्टचं नाव टाकलं की २५० येतं, लेन (len, म्हणजे लिस्टमधे किती नग) टाकलं की ५ पोती, समला लेनने भागलं की सरासरी ५०.० आली, लूप लागलाच नाही. मॅक्सने सगळ्यात जड पोतं, मिनने हलकं. सॉर्टेड चढत्या क्रमाने नवीन लिस्ट देतं, मूळ लिस्ट तशीच राहते, त्यामुळे बिनधास्त वापरा.

खरी गडबड इनपुटपाशी होते, इथं नीट लक्ष द्या. इनपुटने, म्हणजे कीबोर्डवर टाइप करून घेतलेला आकडा पायथॉनसाठी आकडा नसतो, तो मजकूर असतो. भाच्याने ९८ आणि १०२ टाइप केले आणि मॅक्स म्हणतंय ९८ मोठा! तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला. कारण मजकूर म्हणून तुलना पहिल्या अक्षरापासून होते आणि ९ हा १ च्या पुढं. म्हणून इनपुट आधी इंटच्या (int, पूर्ण संख्या) कंसात घाला, वजन साडेबावन्न वगैरे असेल तर फ्लोटच्या (float, दशांश संख्या), मग पुढचं सगळं बरोबर येतं.

दुसरं म्हणजे बेरीज साठवायच्या डब्याला सम हे नाव कधीच देऊ नका. तसं केलं की सम म्हणजे नुसता २५० होऊन बसतो आणि पुढच्या वेळी सम वापरलं की इंट कॉल करता येत नाही असा एरर येतो. एकूण असं काहीतरी नाव ठेवा.

राउंडचं पण सांगतो, २.५ ला राउंड केलं की ३ नाही, २ येतं, कारण बरोब्बर मधोमध असेल तर पायथॉन जवळची सम (२, ४, ६ अशी) संख्या धरतो. पैशाच्या हिशोबाला हे लक्षात ठेवाच. आणि कुठल्या फंक्शनबद्दल अडलं तर हेल्पच्या कंसात त्याचं नाव टाका, माहिती तिथंच स्क्रीनवर येते.