शालेय मंत्रिमंडळ आणि परदेशी शाळेशी मैत्री : या चुका टाळा

सांगली-साताऱ्याच्या बऱ्याच शाळांत पावसाळ्याच्या तोंडावर मंत्रिमंडळाची निवडणूक होते, शपथविधीचे फोटो पालकांच्या ग्रुपवर जातात आणि आरोग्यमंत्र्याला पुढे वर्षभर कुणी काही विचारत नाही. सगळ्यात मोठी चूक हीच. मुलींनी बालसभेत सांगितलं, की स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नाही, तर इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ एवढ्यावर भागवू नका. काम कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि होणार नसेल तर का, हे लिहा आणि पुढच्या सभेत मुलांसमोर वाचून दाखवा. खर्चाची बाब असेल तर ती शाळा व्यवस्थापन समितीपुढे न्या. शाळेचा विकास आराखडा करायचं काम 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने तिच्याकडेच दिलं आहे. आपल्या जगण्याशी संबंधित गोष्टींत मुलांचं म्हणणं ऐकलं जावं, हे संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क कराराच्या कलम 12 मध्ये आहे. भारताने तो करार 1992 साली स्वीकारला, म्हणजे ही काही शाळेची मेहेरबानी नव्हे.

जूनमधल्या निवडणुकीत ऊसतोड मजुरांची मुलं नसतात. ती दिवाळीच्या आसपास कारखाना सुरू झाला की येतात. त्यांच्यासाठी एक-दोन जागा राखून ठेवा आणि तेव्हा पुन्हा मतदान घ्या. गुणांवरून प्रतिनिधी नेमणं तर बंदच करा.

आता परदेशी शाळा. पहिल्याच व्हिडिओ कॉलला नऊवारी, लेझीम, टाळ्या, आणि दुसरा कॉल होतच नाही, कारण बोलायला काही उरत नाही. दोन्हीकडे एकच प्रश्न घ्या. कृष्णाकाठच्या मुलांना पूर माहीत आहे. 2019 साली सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं, धोक्याची पातळी 45 आहे. इंग्लंडमधल्या यॉर्कलाही ऊझ नदीचा पूर येतो. इशारा कोण देतं, घर कधी सोडायचं, नुकसान कोण भरून देतं, हे दोन्हीकडच्या मुलांनी आपापल्या गावात विचारून एकमेकांना सांगावं. देणगीचा विषय मात्र काढू नका. एकदा पैसे आले की आपली मुलं बरोबरीने बोलत नाहीत.

वेळेचा घोळ हमखास होतो. इंग्लंडमध्ये सकाळचे नऊ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे दुपारचे अडीच, उन्हाळ्यात दीड. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात, तेव्हा त्या आठवड्यात वेळ पुन्हा विचारून घ्या.