ताई, गाडी येणार कुठून?

नवी मुंबईच्या दिघ्यातल्या एका वस्तीत सार्वजनिक शौचालयाचा माझा पहिला नकाशा एका ओट्यावर पसरला होता. दहा सीट, बायकांच्या बाजूला कपडे बदलायला आडोसा, मागे सेप्टिक टँक. मी जाम खूश होते. पाच-सहा जणी वाकून बघत होत्या. त्यातल्या एका मावशींनी टँकवर बोट ठेवून विचारलं, "ताई, उपसायला गाडी येणार कुठून?" मी म्हटलं, रस्त्यावरून. रस्ता तिथून अडीचशे फुटांवर, मधे तीन फुटांचा बोळ, आणि त्या गाडीचा पाइप शंभर फुटी. बोळाची रुंदी मी मोजली होती, लांबी नाही. टँक रस्त्याकडे सरकवला, त्यात दोन सीट गेल्या. त्या दोन सीटांवरून झालेली भांडणं मी पुढचा महिनाभर ऐकली.

"गरिबांच्या घरांवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" असं विचारणारी दोन-चार मुलं दरवर्षी भेटतात. बहुतेकांना कॉलेजचं नाव हवं असतं. ते थोडक्यात सांगते: नाटा ही प्रवेश परीक्षा द्या, पाच वर्षांचं बी. आर्क. करा, काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी करा. १९७२च्या कायद्याप्रमाणे त्या नोंदणीशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. कॉलेज कुठलंही असो, प्रॅक्टिकल ट्रेनिंगचं सेमिस्टर मात्र विचार करून निवडा. माझ्या वर्गातले सगळे वांद्र्याच्या चकचकीत ऑफिसांमागे धावले. मी वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात गेले, कारण घर कळव्याला आणि लोकलची दगदग नको. इतकाच उदात्त हेतू होता. डिग्रीनंतर तिथेच दोन वर्षं काढली, पगार चौदा हजार.

तिथे झोपु, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनांची, मंजुरीसाठी द्यायची ड्रॉइंग व्हायची. काम कंटाळवाणं, पण परिशिष्ट-२ मी तिथे वाचायला शिकले. ही पात्र झोपडीधारकांची यादी. १ जानेवारी २०००च्या आधीचा पुरावा असेल तर घर मोफत. त्यानंतरचा, पण १ जानेवारी २०११पर्यंतचा असेल तर पैसे भरून. पोटमाळ्यावरचं बिऱ्हाड धरत नाहीत. म्हणजे खाली सासू-सासरे आणि वर मुलगा-सून-नातवंडं असतील, तरी कागदावर ते एकच घर. तीनशे चौरस फुटांच्या, म्हणजे २७.८८ चौरस मीटरच्या खोलीत त्या सातजणांना बसवायचं काम शेवटी आपल्या टेबलावर येतं. प्लॅन कुणासाठी काढतोय हे ती यादी वाचल्याशिवाय कळत नाही. कॉलेजच्या ज्युरीत, म्हणजे प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत, मला तिच्याबद्दल कुणी एक प्रश्न विचारला नव्हता.

त्याच ऑफिसात एका योजनेत दोन इमारतींमधलं अंतर नियमात बसेल इतकंच ठेवलं होतं. तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या स्वयंपाकघरांत भरदुपारी ट्यूबलाइट लावावी लागणार हे मला दिसत होतं. मी बोलले, कुणी ऐकलं नाही, नकाशा पास झाला. तेव्हा चिडून घरी गेले. आता वाटतं, माझ्याकडे राग होता, कलमं नव्हती. डिसेंबर २०२०मध्ये आलेली यूडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली, ठाणे आणि नवी मुंबईलाही लागू आहे. ती आडवी-उभी वाचा. कुठलं अंतर वाढवलं तर एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ते प्रमाण) न घालवता उजेड आत येतो, हे आकड्यांत मांडता आलं तरच बिल्डर मान वर करून बघतो.

एक जागा पावसात जाऊन बघाच: सीबीडी बेलापूर, सेक्टर ८, पारसिकच्या डोंगराखालचं आर्टिस्ट व्हिलेज. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी केलेलं काम. आठ मीटर बाय आठ मीटरच्या अंगणाभोवती सात घरं, अशा तीन गटांची मिळून एकवीस घरं आणखी मोठ्या अंगणाभोवती. शेजाऱ्याशी भिंत सामायिक नाही, म्हणून ज्याला जमेल तेव्हा त्याने आपलं घर वाढवायचं. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की कित्येक मूळ घरं पाडून बंगले उभे राहिलेत. आमचे एक सर हे अपयश मानायचे. मला तसं वाटत नाही. घर वाढवता आलं हेच तर ठरलं होतं. कमी पगाराच्या माणसाला आज तिथे घर परवडत नाही हे दुखणं वेगळं, आणि ते नकाशाने सुटणारं नव्हतं.

तो माणूस राहतो घणसोली, कोपरखैरणे, तुर्भ्याच्या गावठाणांत, भाड्याच्या खोलीत. या खोल्या बांधताना बहुधा आर्किटेक्ट कुठेच नसतो. ठेकेदार आणि गवंडी असतात. त्यांच्याशी दोस्ती करा. तीन फुटांच्या बोळातून सळई कशी आत न्यायची, पावसाळ्याआधी स्लॅब किती दिवसांत उरकायचा हे त्यांना कळतं. त्यांना कमी कळतं ते डोंगरउतारावरचं पाणी. जुलै २०२१मध्ये कळव्याच्या घोलाईनगरात दरड कोसळून पाच जण गेले. आमच्या घरापासून ते लांब नाही. तोवर संरक्षक भिंतीतल्या वीप होलना, म्हणजे पाणी बाहेर जायच्या भोकांना, मी परीक्षेच्या मार्कांपुरतीच किंमत द्यायचे.

पैशांचं खरं सांगते. माझं घर वस्तीच्या कामावर चालत नाही. ठाण्यातल्या जुन्या सोसायट्यांची गळती, प्लास्टर, दुरुस्तीचे बीओक्यू (कामाच्या मापांच्या याद्या), यातून महिन्याचा खर्च निघतो आणि आठवड्यातले दोन दिवस मोकळे मिळतात. संस्थांच्या नोकऱ्या असतात, पण प्रकल्पाचा निधी संपला की त्याही संपतात. मी एकदा तशी घरी बसले आहे. पुढे शिकायचं असेल तर अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात आणि दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये (एसपीए) गृहनिर्माणावर पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. पण आधी दोन वर्षं काम करा, नाहीतर तिथे काय विचारायचं तेच सुचत नाही.

पहिल्यांदा वस्तीत जाताना लेझर मीटर नेऊ नका. लेझर दिसला की लोकांना वाटतं, पाडायला सर्व्हे आला. साधा टेप न्या आणि त्याचं दुसरं टोक घरच्याच कुणाला धरायला द्या. मोजता मोजता माणसं बोलायला लागतात. माझ्या वहीत दहा बाय बाराच्या एका खोलीची नोंद आहे: पोटमाळ्याची शिडी शेगडीपासून दीड फुटावर, मोरीचा कठडा सहा इंच, त्यावर हंडे, शिडीच्या तिसऱ्या पायरीवर मुलीचं दप्तर. दप्तर तिथे का, तर बल्बचा उजेड तिथेच पडतो. ती रात्री शिडीवर बसूनच अभ्यास करायची. फोटो काढला असता तर हे विचारायचं राहूनच गेलं असतं.

"घर कधी मिळणार?" हे कुणीतरी विचारणारच. "लवकरच" म्हणू नका. मी एकदा म्हटलं होतं, आणि तीन वर्षांनी त्याच काकांनी मला कळवा स्टेशनच्या पुलावर गाठलं.

जायचं तर रविवारी, अकराच्या पुढे. सकाळी पाणी येतं, तेव्हा कुणालाच वेळ नसतो.